मुलांच्या मासिकात बुद्धाची गोष्ट वाचली आणि गोव्याचा हा तरुण पाली शिकायला थेट श्रीलंकेला पोहोचला

आज मोबाईल उघडला की ध्यान शिकवणारी पाच-दहा ॲप सहज सापडतात. श्वासाकडे लक्ष कसं द्यायचं, राग आला की काय करायचं हे मराठीत सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. दहा दिवस मौन पाळून विपश्यनेचं शिबिर करून आलेला एखादा ओळखीचा माणूसही प्रत्येकाला भेटलेला असतो.

पण सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या मराठी माणसाला वाटलं असतं, की बुद्धानं ध्यान नेमकं कसं करायला सांगितलंय हे मुळातून वाचावं, तर?

तर अडचण होती. बुद्धाची शिकवण ज्या पाली भाषेत आहे ती शिकायची सोय आपल्याकडे जवळपास नव्हती. मूळ ग्रंथ होते ते सिंहली, बर्मी आणि सयामी लिपीत. ज्या देशात बुद्ध फिरला, शिकवत राहिला, त्या देशात त्याचे शब्द वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली होती.

गोव्यातल्या एका तरुणानं ही अडचण मनावर घेतली. त्यासाठी त्यानं घर सोडलं, बायको सोडली, तान्ही मुलगी सोडली. उपाशी राहिला, देशोदेशी फिरला, भिक्खू झाला. आणि सगळं शिकून झाल्यावर ते मराठीत सांगायला परत आला.

त्यांचं नाव आचार्य धर्मानंद कोसंबी.

माडांच्या बागेतला मुलगा

९ ऑक्टोबर १८७६. गोव्यातल्या साखवाळ या गावात एका सारस्वत कुटुंबात धर्मानंदांचा जन्म झाला. वडिलांचं नाव दामोदर, आईचं आनंदीबाई. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. मराठी शिक्षणाची आबाळच होती. त्यात धर्मानंदांची तब्येत लहानपणापासून नाजूक. शाळा जेमतेम झाली आणि घरच्या माडांची बाग सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कोवळ्या वयातच लग्न झालं. बायकोचं नाव बाळाबाई.

बागेची राखण, घरचा व्यवहार आणि मिळेल ते वाचन, असा दिनक्रम सुरू होता. अशातच बालबोध नावाचं मराठी मासिक त्यांच्या हाती आलं. मासिक होतं मुलांचं. त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र छापून आलं होतं.

त्या काही पानांनी या तरुणाच्या मनात घर केलं. पुढे बुद्धावरचं आणखी एक मराठी पुस्तक मिळालं आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचाच, मग त्यासाठी काहीही करावं लागो, असं त्यांनी ठरवून टाकलं.

याआधीही घर सोडायचे त्यांचे प्रयत्न झाले होते आणि फसले होते. १८९९ च्या अखेरीस मात्र ते निघाले ते निघालेच. त्याच वर्षी त्यांना मुलगी झाली होती. तिचं नाव माणिक.

आज आपण हे वाचतो तेव्हा पहिला प्रश्न मनात येतो तो बाळाबाईंचा. तान्ही पोर पदरात, नवरा कुठे आहे याचा पत्ता नाही, आणि काळ एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हाचा. धर्मानंदांच्या ज्ञानाची पहिली किंमत त्यांच्या आधी त्यांच्या बायकोनं मोजली, हे विसरून चालणार नाही.

पुणे, काशी, नेपाळ आणि मग लंका

घर सोडून ते आधी पुण्याला आले. कारण पाली शिकायची तर आधी संस्कृत यायला हवं होतं. पुण्यात त्यांची डॉ. रा. गो. भांडारकरांशी भेट झाली. पण खरा अभ्यास करायचा तर काशी गाठायला हवी होती. ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले.

काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकायचं, असे दिवस निघाले. खिशात पैसा नव्हता. गाव प्लेगनं हैराण झालेलं होतं. तरीही त्यांनी संस्कृतचा पाया पक्का केला.

१९०२ साली बौद्ध धर्म जिवंत पाहायला मिळेल या आशेनं ते नेपाळला गेले. काठमांडूत त्यांची निराशा झाली. पुस्तकातून मनात उभा राहिलेला बुद्ध त्यांना तिथे दिसला नाही. तिथून ते बोधगयेला आले. ज्या ठिकाणी बुद्धाला ज्ञान झालं, त्याच ठिकाणी भेटलेल्या एका भिक्खूनं त्यांना सांगितलं, की शिकायचं असेल तर सिलोनला जा.

सिलोन म्हणजे आजची श्रीलंका.

कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीनं ते कोलंबोला पोहोचले. तिथलं विद्योदय विद्यालय पालीच्या अभ्यासासाठी नावाजलेलं होतं. त्याचे प्रमुख होते सुमंगलाचार्य. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली. श्रामणेर म्हणजे भिक्खू होण्याआधीची पहिली पायरी.

माडांच्या बागेतून निघालेला तरुण आता पालीतले मूळ ग्रंथ वाचत होता.

पण तिथलं जेवण त्यांना मानवेना. तब्येत साथ देईना, म्हणून ते मद्रासला आले आणि तिथून ब्रह्मदेशात गेले. तिथे ते भिक्खू झाले आणि तिथल्या गुरूंकडे त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात ते भारतात परतून सारनाथ, कुशिनगर, लुंबिनी अशी बुद्धाची ठिकाणं पाहून आले आणि पुन्हा ब्रह्मदेशात गेले. या सगळ्या भटकंतीत सिंहली, बर्मी आणि सयामी या तिन्ही लिपी त्यांच्या हाती आल्या.

आता इथेच गोष्ट संपायला हवी होती. हवं ते मिळालं होतं. विहारात राहून ध्यान करत उरलेलं आयुष्य काढता आलं असतं.

धर्मानंदांनी उलट केलं. १९०६ साली ते भारतात परतले आणि भिक्खूचं चीवर उतरवून ठेवलं.

चीवर उतरवलं, काम सुरू केलं

कारण साधं होतं. जे आपल्याला इतक्या खस्ता खाऊन मिळालं, ते आपल्या लोकांपर्यंत पोहोचायला हवं. आणि भिक्खूचे नियम पाळत नोकरी, शिकवणं, छपाई, प्रवास हे सगळं जमण्यासारखं नव्हतं.

बंगालमध्ये तेव्हा स्वदेशीची चळवळ जोरात होती. कलकत्त्यात नुकतंच राष्ट्रीय महाविद्यालय सुरू झालं होतं. धर्मानंद तिथे आणि कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवू लागले. याच काळात ते गोव्याला घरी गेले. सात वर्षांपूर्वी मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला. १९०७ साली त्यांना मुलगा झाला. हाच मुलगा पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजला. त्याचं नाव दामोदर धर्मानंद कोसंबी, म्हणजेच डी. डी. कोसंबी.

कलकत्त्यात जम बसत होता. पण मनात एक खंत होती. मराठी माणसासाठी आपण काय केलं?

याचं उत्तर बडोद्याहून आलं. सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात कुठेही राहायचं, दरवर्षी एक पुस्तक लिहून द्यायचं आणि त्यासाठी दरमहा ५० रुपये मिळणार. कलकत्त्यात थांबले असते तर याहून कितीतरी जास्त पैसे मिळाले असते. धर्मानंदांनी ५० रुपये स्वीकारले आणि १९०८ साली ते महाराष्ट्रात आले.

१९१० साली त्यांचं बुद्ध, धर्म आणि संघ हे पुस्तक आलं. १९१४ साली बुद्धलीलासारसंग्रह आलं. दोन्ही सोप्या मराठीत. संस्कृत न शिकलेल्या माणसालाही बुद्ध कळावा, असा त्यांचा आग्रह होता.

हार्वर्डला त्यांची गरज का पडली?

आता एक वळण येतं ते अमेरिकेकडे.

विसुद्धिमग्ग नावाचा एक पाली ग्रंथ आहे. मराठीत विशुद्धिमार्ग. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोष यांनी श्रीलंकेत अनुराधपूरला हा लिहिला. बौद्ध ध्यानाबद्दल जे काही सांगण्यासारखं आहे ते या एका ग्रंथात पद्धतशीर मांडलेलं आहे.

ग्रंथाचे तीन टप्पे आहेत. शील, समाधी आणि प्रज्ञा. म्हणजे आधी वागणं सुधारायचं, मग मन एकाग्र करायचं आणि त्या एकाग्र मनानं जगाचं खरं स्वरूप पाहायचं. वागणं तसंच ठेवून नुसतं डोळे मिटून बसणं या ग्रंथाला मान्य नाही.

ध्यानाचे ४० विषय यात दिले आहेत. श्वास हा त्यातला एक. पण सगळ्यांना एकच औषध चालत नाही, हे बुद्धघोषांना पक्कं ठाऊक होतं. कुणी रागीट असतो, कुणी आसक्त, कुणाच्या डोक्यात सतत विचारांचं चक्र चालू असतं. स्वभाव पाहून ध्यानाचा विषय द्यायचा. आणि तो देणारा कसा हवा? तर कल्याणमित्र. म्हणजे आपलं भलं व्हावं असं मनापासून वाटणारा मित्र.

रागीट माणसासाठी मैत्रीची भावना सांगितली आहे. तिची पद्धत ऐकण्यासारखी आहे. आधी स्वतःचं भलं चिंतायचं. मग ज्याच्याबद्दल आदर आणि प्रेम आहे त्याचं. मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाचं. आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्याशी वैर आहे त्याचं. शत्रूपासून सुरुवात करायची नाही, कारण तिथे मन अडखळतं. एकेक पायरी चढत तिथवर जायचं.

हार्वर्डचे अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांनी या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करायला घेतली होती. १८९९ साली, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडलं त्याच वर्षी, वॉरन वारले आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला पाली आणि वेगवेगळ्या लिपी जाणणारा माणूस हवा होता. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स भारतात आले असताना त्यांची धर्मानंदांशी गाठ पडली आणि १९१० साली धर्मानंद अमेरिकेला निघाले.

ज्यांची गावातली शाळा धड झाली नव्हती ते आता हार्वर्डमध्ये बसून वॉरन यांचं काम तपासत होते.

पण तिथे एक वाद उभा राहिला. या प्रकल्पाचे प्रमुख होते प्राध्यापक लॅनमन. ग्रंथावर नाव कुणाचं आणि श्रेय किती, यावरून त्यांचं आणि धर्मानंदांचं बिनसलं. धर्मानंदांना केलेल्या कामाचं श्रेय हवं होतं. ते मिळेना, तेव्हा १९१२ साली ते काम तसंच टाकून परत आले.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवू लागले. १९१८ पर्यंत तिथे होते. महाराष्ट्रात पालीच्या अभ्यासाची पहिली पिढी तयार झाली ती या काळात. पुढे बौद्ध विद्येत नाव कमावणारे पु. वि. बापट हे त्यांचेच विद्यार्थी.

हार्वर्डनं त्यांना पुन्हा बोलावलं. एकदा नाही, आणखी तीनदा. १९१८ साली ते निघाले तेव्हा सोबत मुलगा दामोदर होता आणि मुलगी माणिकही होती. ज्या तान्ह्या पोरीला सोडून वडील बुद्धाच्या शोधात निघून गेले होते, ती आता त्यांच्यासोबत अमेरिकेला शिकायला चालली होती.

ग्रंथाचं पुढे काय झालं? हार्वर्डची आवृत्ती रखडत रखडत अखेर १९५० साली आली. संपादक म्हणून वॉरन यांचं नाव आणि सुधारून तयार करणारे म्हणून धर्मानंद कोसंबींचं. ते पाहायला धर्मानंद तेव्हा जिवंत नव्हते.

पण त्यांनी वाट बघत बसणं पसंत केलं नव्हतं. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनानं त्यांनी संपादित केलेला विसुद्धिमग्ग देवनागरी लिपीत छापला. त्याच्याही कितीतरी आधी, १९२५ साली, त्यांनी ध्यानाचे हे सगळे विषय समाधिमार्ग या मराठी पुस्तकात उलगडून सांगितले होते. ॲप आणि व्हिडिओ यायच्या जवळपास शंभर वर्षं आधी.

संघ म्हणजे काय?

धर्मानंदांना बुद्धाच्या ध्यानाइतकंच आकर्षण होतं ते बुद्धानं उभ्या केलेल्या संघाचं. १९२६ साली त्यांनी बौद्धसंघाचा परिचय हे पुस्तक लिहिलं.

संघ म्हणजे भिक्खूंचा समुदाय. पण तो चालायचा कसा, हे पाहिलं तर आजही नवल वाटतं. एखादा प्रस्ताव असेल तर तो सगळ्यांसमोर मांडायचा. महत्त्वाचा असेल तर तीनदा विचारायचं. कुणाचा आक्षेप नसेल तर मंजूर. मतभेद झाला तर शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटून मत घ्यायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बुद्धानं आपल्या मागे गादीवर कुणालाच बसवलं नाही. माझ्यानंतर धम्म आणि विनय हेच तुमचे गुरू, असं सांगून तो गेला.

पुढारी गेला तरी काम चालू राहावं, ही नेतृत्वाची खरी कसोटी. धर्मानंदांना हा विचार त्यांच्या काळातल्या राजकारणाइतकाच ताजा वाटत होता. अमेरिकेत असताना त्यांनी समाजवादाचं वाचन केलं होतं. १९२२ पासून गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काम केलं. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडला पालीचे अध्यापक म्हणून जाऊन आले. बुद्धाची अहिंसा आणि कष्टकऱ्यांना न्याय, या दोन गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत असं त्यांचं मत बनत गेलं.

हे मत त्यांनी पुस्तकात ठेवलं नाही. १९३० चा मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा पन्नाशी ओलांडलेले धर्मानंद शिरोड्याच्या सत्याग्रहात उतरले. पुढे विलेपार्ल्याच्या छावणीत काम केलं, अटक झाली, तुरुंगही पाहिला.

१९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या गिरणगावात त्यांनी बहुजन विहार सुरू केला. इमारतीसाठी जुगलकिशोर बिर्लांनी पैसे दिले. कामगारवस्तीत राहायचं आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाला बुद्धाचा विचार सांगायचा, असं हे काम. हार्वर्डच्या ग्रंथालयात बसलेला पंडित परळच्या चाळींमध्ये राहायला आला होता.

बुद्धानं घर का सोडलं?

पुढे त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं. भगवान बुद्ध.

आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेली गोष्ट अशी असते. राजपुत्र सिद्धार्थ रथातून निघाला, त्याला म्हातारा दिसला, रोगी दिसला, प्रेत दिसलं, आणि एका रात्री झोपलेल्या बायको-मुलाला सोडून तो गुपचूप निघून गेला.

धर्मानंदांनी मूळ पाली ग्रंथ पुढे ठेवून दाखवलं, की ही गोष्ट नंतर जोडली गेली असावी. जुन्या सुत्तांमध्ये आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत गौतम घराबाहेर पडला असं येतं. म्हणजे तो लपून गेला नाही. आणि कारण? शाक्य आणि कोलीय या शेजाऱ्यांमध्ये रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडणं होत. शस्त्रानं शस्त्र वाढतं, माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, हे पाहून त्याचं मन विटलं आणि यावर उपाय शोधायला तो निघाला.

म्हणजे धर्मानंदांच्या लेखी बुद्ध जगाला कंटाळून पळाला नव्हता. जगातलं भांडण मिटवायला बाहेर पडला होता. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा वादच गृहत्यागाचं कारण म्हणून आला आणि लाखो घरांत पोहोचला.

स्वतः तान्ही मुलगी सोडून निघालेल्या माणसानं हे लिहावं, याला एक वेगळा अर्थ आहे. घर सोडणं योग्य की अयोग्य, हे घर सोडून पुढे काय केलं यावर ठरतं, असं त्यांचं आयुष्य सांगतं. बाळाबाईंचा हिशेब मात्र त्यानं पूर्ण मिटतो का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

शेवट

१९४६ उजाडेपर्यंत शरीर थकलं होतं. आजार पाठ सोडत नव्हते. आता आपल्या हातून काम होणार नाही, मग दुसऱ्यांवर भार का व्हायचं, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. जैन परंपरेतल्या पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. त्या वाटेनं अन्न सोडून देह ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. उत्तर प्रदेशात त्यांनी उपवास सुरूही केला. गांधीजींनी विनवलं तेव्हा तो थांबवला.

पण मनातला निश्चय गेला नव्हता. अखेर ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. तिथेच ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं.

आदल्याच दिवशी, ३ जूनला, देशाच्या फाळणीची योजना जाहीर झाली होती. सगळीकडे तीच चर्चा होती. अशा गदारोळात एका पाली पंडिताच्या जाण्याकडे कोण लक्ष देणार? पण दिल्लीतल्या ५ जूनच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी आवर्जून धर्मानंदांची आठवण काढली. स्वतःचा डंका न पिटता काम करत राहिलेला माणूस म्हणून त्यांनी देशाला त्यांची ओळख करून दिली.

पुढे नऊ वर्षांनी नागपूरला लाखो लोकांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. ते पाहायला धर्मानंद नव्हते. पण त्यातल्या अनेकांना वाचायला मराठीत बुद्ध उपलब्ध होता, आणि त्यात या गोवेकराचा वाटा मोठा होता.

त्यांची सुरुवात झाली होती मुलांच्या मासिकातल्या काही पानांपासून. भगवान बुद्ध हे पुस्तक आजही दुकानात मिळतं. कधी हाताला लागलं, तर ते आपल्यापर्यंत पोहोचायला एका माणसाला साखवाळहून कुठवर जावं लागलं, हे आठवून ते उघडा.